बलियांखालची खाज

नीलाबाईला घाणेरडी म्हणणाऱ्याने एकदा तिच्या घरी जाऊन पाणी मागावं. तांब्या आतून घासलेला, बाहेरून घासलेला, बुडाखालीही घासलेला. त्या पाण्यात चुकून तुमचं बोट बुडलं, तर ती ते तुमच्यादेखत अंगणात ओतून देईल आणि तुमच्याकडे असं बघेल की पुन्हा तहान लागायची नाही. घर पत्र्याचं आहे, पण अंगण असं की भाकरी पडली तर उचलून खावी. माझ्या गिरणीत दळण आणते तेव्हा आधी स्वतःचा डबा पुसते, मग माझा कट्टा पुसते आणि वर मलाच ऐकवते, "पोरी, तुझ्या गिरनीत लई धूळ हाय." ते पीठ असतं, धूळ नसते, हे मी तिला आजवर पटवू शकलेले नाही.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गाव. गावात पिठाची गिरणी माझी, आणि वर माळावर तांडा. तांड्यावरचं सगळं दळण माझ्याकडे येतं, त्यामुळे तांड्यावरची भांडणं, बारशी आणि दुखणीही पिठाबरोबर माझ्याकडेच येतात.

नीलाबाईची साठी कधीच उलटली. अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. सून मिना साडी नेसते, नात रुपा पंजाबी ड्रेस घालते, पण नीलाबाईच्या अंगावर अजून तोच आरशांचा फेटिया, म्हणजे घागरा, आणि काचळी, म्हणजे चोळी. आणि हातात बलिया. आमच्याकडच्यांना त्या बांगड्या वाटतात. पण मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपराच्या वर दंडभर, एकीला एक चिकटून बसलेल्या त्या पांढऱ्या बलिया लग्नात हातात चढतात आणि नवरा गेला की उतरतात. मध्ये उतरत नाहीत. नीलाबाईच्या हातात त्या चढल्या तेव्हा हात काडीसारखे होते. पुढे जन्मभर निंदणी-खुरपणी करून हात भरले आणि बलिया रुतून बसल्या. आता काढायच्या म्हटल्या तरी निघणार नव्हत्या, आणि काढायच्या असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ज्याच्या नावाने त्या बलिया होत्या, तो पेमा. शेळ्या राखतो, शेंगा खातो आणि बोलायचं काम त्याने लग्नाच्या दिवशीच बायकोवर सोपवून टाकलेलं आहे.

ह्या घरातली रुपा दहावीला. लांबच्या एका निवासी शाळेत, वसतिगृहात राहणारी. श्रावणात तांड्यावर तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात, गाणी म्हणतात. त्यासाठी रुपा घरी आली आणि नेहमीसारखी दादीच्या कुशीत, एकाच गोधडीत झोपली. तेव्हाही ती खाजवत होती. डास चावले असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तीज झाली, पोरगी परत गेली.

गणपती उठले आणि वसतिगृहातून फोन आला, मुलीला घेऊन जा.

नीलाबाई आणि तिचा मुलगा हिरासिंग गेले. तिथल्या अधीक्षिका बाईंनी नाकाला रुमाल लावून दारातच सांगितलं, "घरी आंघोळ-बिंघोळ घालता की नाही मुलीला? तांड्यावर जाऊन आली की काहीतरी घेऊन येते. खरूज आहे ती. पूर्ण बरी होऊ दे, मग बघू. इथे बाकीच्या मुली आहेत."

हे मला नीलाबाईने गिरणीत सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तोवर रुपाने मला निराळीच गोष्ट सांगितली होती. वसतिगृहात दोन पोरींत एक ब्लँकेट. तिच्या ब्लँकेटमधली दुसरी पोरगी आषाढापासून खाजवत होती. तिच्या पलीकडच्या दोघी त्याच्याही आधीपासून. म्हणजे आजार तिथे लागला आणि घाणेरडा ठरला तांडा! शिकलेल्या माणसाला एवढाही हिशोब जमू नये? की जमतो, पण सोयीचा नसतो?

पण मी अधीक्षिकेला काय बोलू, माझ्या गिरणीतच तमाशा झाला. नीलाबाईने आपला डबा रांगेत ठेवला आणि मागून आलेल्या द्वारकाबाईने स्वतःचा डबा पायाने लांब सरकवला. वर नाक मुरडून मला म्हणाली, "त्याइच्या घरात खाज हाय म्हणं. आमचं पीठ निराळं दळ बाई, जातं धुऊन." मी पट्टा उतरवला, गिरणी बंद केली आणि म्हटलं, "द्वारकाबाई, खाज काय ज्वारीतून उडते का? आज तुमचं दळण होणार नाही. डबा उचला." ती बडबडत गेली. नीलाबाईने रांगेतला आपला डबा पुन्हा एकदा पुसला, आणि ते मला जास्त लागलं.

घरी जाऊन तिने पोरीला धुवायला काढलं. त्याला दुसरा शब्दच नाही. कडुनिंबाचा पाला उकळून, वजरीने घासघासून, कातडीतून रक्त येईपर्यंत. "आता म्हणंल का कोन घान?" असं म्हणत घासायची आणि पोरगी मुकाट रडायची. वरून करंजाचं तेल. खाज जायची सोडून आग आग व्हायला लागली. मग हिरासिंगने नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणली. खाज, खरूज, गजकर्ण, नायटा, सगळ्यांवर ही एकच रामबाण, असं तो म्हणाला. न बघता, न तपासता, मोबाइलवर बोलता बोलता त्याने ती काउंटरवर टाकली. चार दिवस पोरीचं अंग शांत झालं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत, बेंबीभोवती पहिल्यापेक्षा दुप्पट पुरळ. आता मिनाही खाजवत होती आणि हिरासिंगही. रात्र झाली की सगळं घर खाजवायचं.

शेवटी मीच त्यांना सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथे डॉक्टर करुणा म्हणून एक तरुण बाई नवीन आल्या होत्या. त्यांनी आधी ती ट्यूब बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ह्यात लाली दाबणारं औषध आहे," त्या म्हणाल्या. "ते कातडीची तक्रार बंद करतं, किडा तसाच ठेवतं. उलट त्याला मोकळं रान मिळतं. ही विकताना त्याने हात तरी बघितला का पोरीचा?"

मग त्यांनी नीट समजावलं. डोळ्याला दिसणार नाही एवढा बारीक किडा असतो. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि आत अंडी घालते. आपल्या अंगाला तो, त्याची अंडी, त्याची घाण सोसत नाही, म्हणून खाज. अंथरुणात ऊब मिळाली की जास्त. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला महिना-दीड महिनाही जातो, तोवर माणूस दुसऱ्यांना देऊन मोकळा होतो. आणि हा किडा घाणीतून जन्मत नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागली, एका पांघरुणात झोपलं, की तो एकाचा दुसऱ्याकडे जातो. "रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतो. कलेक्टरच्या बंगल्यातही होईल."

नीलाबाईची मान एकदम ताठ झाली. "कलेक्टरला बी व्हतो?"

"होतो की."

हे वाक्य तिने पुढे पंधरा दिवस गावभर वाटलं. द्वारकाबाईला तर रस्त्यात अडवून सांगितलं.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं. खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी संध्याकाळी लावायचं. पुरळ आहे तिथेच नव्हे, मानेपासून तळपायापर्यंत इंच न् इंच. बेचक्या, नखांखाली, कमरेच्या घडीत, लाजेच्या जागी सुद्धा. रात्रभर ठेवायचं, हात धुतले तर हाताला परत लावायचं, सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा तसंच, कारण राहिलेली अंडी फुटतात. वापरातले कपडे, पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. धुता येत नाही ते पोत्यात आठवडाभर बांधून ठेवायचं. माणसाच्या अंगाशिवाय तो किडा दोन-चार दिवसांत मरतो. "किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहील. घाबरून रोज मलम चोपडू नका. पण नवीन पुरळ यायला लागलं, तर मात्र माझ्याकडे या."

मग त्यांनी एकेकाला विचारलं. नीलाबाईला विचारलं, "आजी, तुम्हाला खाज?"

"मला? मला काहून यील?"

डॉक्टरांनी बोटं बघितली. स्वच्छ होती. त्या पुढे गेल्या.

त्या संध्याकाळी नीलाबाईने घरावर असा अंमल गाजवला की सांगता सोय नाही. मोठ्या पातेल्यात गोधड्या उकळल्या. फेटिया-काचळी उकळली तर आरसे निघतील, म्हणून खताच्या धुतलेल्या पोत्यात घालून तोंड बांधलं आणि आठवडाभर सुनेची साडी नेसून फिरली. साडीत ती इतकी अवघडलेली दिसायची की शेळ्याही ओळखेनात. पेमाला उघडा बसवून मलम लावलं तेव्हा त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो लहान पोरासारखा हसत सुटला. स्वतःलाही लावलं. बोटांना, खांद्यांना, पोटाला, पायांना. बलियांच्या वरून हात फिरवला आणि झालं म्हणाली.

आठवड्याने दुसऱ्यांदा लावलं. घर शांत झालं. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला रुपा गिरणीत आली, तेव्हा तिचे हात छान झाले होते. आणि मग, वसतिगृहात परत जायची पिशवी भरत असतानाच, तिच्या बेचक्यांत पुन्हा बारीक पुरळ उठलं.

हिरासिंगचा धीर सुटला. त्याची आणि मिनाची दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची ठरलेली वाट. तो अंगणातच म्हणाला, "आता बस झालं. शाळा घीत न्हाई, रोग जात न्हाई. दिवाळी झाली की टोळी निघून राहिली. घरी बसून करंल काय? आमच्यासंगं येईल, मोळ्या बांधंल."

रुपा उठली. आत जाऊन भरलेली पिशवी रिकामी करायला लागली. मी तिथे होते. एक एक पुस्तक काढून ती फळीवर ठेवत होती, आणि नीलाबाई दारात उभी राहून बघत होती. एरवी मुलाने असं तोंड उघडलं असतं तर तिने त्याला उभा चिरला असता. त्या दिवशी ती गप्प. मला नवल वाटलं.

पुन्हा आरोग्य केंद्र. डॉक्टर करुणा चक्रावल्या. मलम लावलं का? लावलं. सगळ्यांनी? सगळ्यांनी. कपडे? उकळले. रुपा झोपते कुणाजवळ? दादीजवळ. त्या रुपाचा हात भिंगातून बघत होत्या आणि मी सहज वळून पाहिलं, तर नीलाबाई भिंतीकडे तोंड करून उभी. हातात केरसुणीची काडी. ती काडी दंडावरच्या बलियांखाली सरकवून ती आत-बाहेर करत होती, डोळे मिटून. काडी काचळीत खोचलेली मी कितीदा पाहिली होती; दात कोरायला असेल असं वाटायचं.

डॉक्टरांनीही पाहिलं. "आजी, हात इकडे आणा."

"काई न्हाई. घामोळं हाय."

"इकडे आणा."

त्यांनी दोन बोटांनी एक बलिया कशीबशी अर्धा बोट वर सरकवली. खालची कातडी लालभडक, सोललेली, मध्ये मध्ये पू धरलेला. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात आणि मी पुढे गेले. सरकवून बघायला हवं होतं मी. मलम ह्याच्या खाली गेलंच नाही. सगळ्या घरातला किडा मेला आणि इथला जगला. रोज रात्री हाच नातीकडे जातोय."

नीलाबाई बाहेर गेली. मी मागे गेले. ती पायरीवर बसली होती, आणि मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. रागाने रडत होती.

"सांगितलं काहून न्हाई?" मी विचारलं.

"त्या बाईनं म्हणलं, तांड्यावरनं रोग आणते. मला बी हाय म्हणले असते, तर तिचंच बराबर झालं असतं ना? म्या एवढं घासलं, एवढं धुतलं अन् मलाच हाय म्हणू?"

मला तेव्हा कुणाचा राग यावा ते कळेना. खाज सोसून सोसून हाताची साल काढून घेणाऱ्या ह्या बाईचा, की रुमाल नाकाला लावून एका वाक्यात तिचं तोंड बंद करणाऱ्या त्या बाईचा? खरं सांगते, दुसरीचाच आला. माणसाला आजाराची लाज वाटायला लावली की तो आजार लपवतो. लपवला की आजाराचं फावतं.

आता बलिया काढाव्या लागणार होत्या. आम्ही परत आत गेलो आणि डॉक्टरांनी ते सांगितल्याबरोबर नीलाबाईचा आवाज परत आला. "जिता नवरा हाय माजा! बलिया काढू म्हंता? तुमच्या तोंडाला काई वाटतं का?" औषधाची ट्यूब तिने टेबलावर आपटली आणि थेट रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेमा माझ्या गिरणीत आला. एकटा. मी त्याला गिरणीत कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाला, "लोखंड कापायचं पान हाय का तुझ्याकडं?"

गिरणीच्या सामानात हॅक्सॉ होता. तो घेऊन मीही त्याच्याबरोबर वर गेले. नीलाबाई अंगणात बाजेवर बसली होती, तोंड फिरवून. पेमाने तिच्यासमोर पाट मांडला, त्यावर तो बसला आणि जन्मात बोलला नसेल एवढं एका दमात बोलला.

"मी मेल्यावर ह्या काढतेत, व्हय ना? मंग मी तुझ्यासमोर बसतो. माझ्याकडं बघत काप. मी मरीन तवा मरीन. ह्या पोरीची शाळा आत्ता मरून राहिली."

रुपा दारात उभी होती. नीलाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या पुस्तकांकडे, मग नवऱ्याकडे. आणि हात पुढे केला.

साबण-तेल लावून मनगटाजवळच्या काही निघाल्या. बाकीच्या कापाव्या लागल्या. कातडीला लागू नये म्हणून खाली चिंधीची घडी सरकवायची आणि वरून मी हळूहळू पान ओढायची. प्रत्येक बलिया तुटली की नीलाबाई नवऱ्याकडे बघायची, आणि तो म्हणायचा, "हाव की इथंच." कर्रकर्र आवाज ऐकून शेजारच्या बाया आल्या. एकीने खाली पडलेले पांढरे तुकडे पाहिले आणि हंबरडा फोडला. पेमा पाटावरूनच ओरडला, "अगं बये, मी जिता हाव!" त्या बाईला भीती जास्त वाटली की लाज, कुणास ठाऊक. मीही हसले, मिनाही हसली. नीलाबाई हसली नाही.

शेवटचा तुकडा पडला तेव्हा तिने दोन्ही हात समोर धरून पाहिले. जिथे जन्मभर ऊन लागलं नव्हतं तिथली कातडी फिकट, परक्या बाईची असावी तशी. त्यावर ते लाल चट्टे. ती एवढंच म्हणाली, "थंडी वाजून राहिली हाताला."

आधी पू भरलेल्या जागेला औषध दिलं, मग पुन्हा सगळ्या घराने मलम लावलं, पुन्हा गोधड्या उकळल्या, पुन्हा फेटिया पोत्यात. ह्या वेळी हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोकळे होते. आठवड्याने परत. दिवाळीपर्यंत रुपाच्या अंगावर एक पुरळ राहिलं नाही.

पण नीलाबाईचं दुखणं तिथून सुरू झालं. बाळापूरच्या बाजारात गेली की ओळखीच्या बाया तिचे हात बघायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. "कवा गेले गं?" एकदा, दोनदा, दहादा. ती खवळून उठायची. शेवटी पेमाच तिच्याबरोबर जायला लागला. बाजारात, दवाखान्यात, गिरणीत. काही काम नाही. नुसता चार पावलं मागे उभा. कुणी पदर डोळ्याकडे नेला की तो खाकरायचा.

म्हणून दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह उघडलं, तेव्हा रुपाला पोचवायला नीलाबाईबरोबर पेमाही निघाला. मीही गेले, कारण मला त्या अधीक्षिका बाईंचं तोंड बघायचं होतं. हिरासिंगने आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं, शाळेनं घेतली तर ठीक, न्हाई तर परवाच्या टोळीत ती आमच्याबरोबर. पेमा फाटकाजवळ लिंबाखाली शेंगा सोलत बसला. आम्ही आत गेलो.

बाई ह्या वेळी बऱ्याच मऊ होत्या. डॉक्टरांनी फोन केला होता. रुपाचे हात उलटेपालटे करून त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "झाली ना बरी? छान. जा, आत जा, पेटी ठेव."

"थांब," नीलाबाई म्हणाली. रुपा उंबऱ्यावरच थांबली. व्हरांड्यात पोरी सामान लावत होत्या, नुकत्या घरून आलेल्या. एक गुडघ्याने पोटरी घासत होती. दुसरी बोटांच्या बेचक्या दाताने खाजवत होती. पाचवी-सहावीची एक चिमुरडी खांबाला पाठ लावून वर-खाली होत होती.

"ह्या पोरीइला औषध दिलं का?"

"इथे कुणाला काही नाही," बाई पटकन म्हणाल्या. "थंडीत कातडी कोरडी पडते. उगाच बोभाटा करू नका. पालकांच्या कानावर गेलं, वरपर्यंत गेलं, तर वसतिगृहाचं नाव खराब होतं."

मी तोंड उघडणार होते. चांगलं साठवलेलं होतं माझ्याकडे. पण नीलाबाईने मला हाताने मागे सारलं. कमरेची पिशवी सोडली, तिच्यातलं फडकं काढलं आणि बाईंच्या टेबलावर पालथं केलं. कापलेल्या बलियांचे पांढरे तुकडे टेबलभर पसरले.

बाईंनी तिचे हात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे. मालक गेले का तुमचे?"

"न्हाई. भायेर बसलाय." नीलाबाई ओरडली नाही, हे मला आजही आठवतं. "बाई, मी बी असंच म्हणले व्हते. मला काई न्हाई म्हणले. माझं नाव खराब हुईल म्हणून ह्याच्याखाली झाकलं, अन् माझ्याच नातीला रोज रात्री देत राहिले. हे माझं झाकन. नवरा जिता असताना कापलं. आता तुमचं झाकन काढा. एका पोरीला लावून काई व्हत न्हाई. समद्याइला एका दिवशी लावा लागतं, तुमाला बी. तवर ही पोरगी आत यायची न्हाई, अन् मी बी दारातून उठायची न्हाई."

आणि ती खरंच दारात बसली, पेटीवर. आत येणाऱ्या प्रत्येक पालकाला तिला ओलांडून जावं लागत होतं. एका बापाने विचारलं, काय झालं मावशी? तिने सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. त्याने पोरीची बाही वर केली, आणि मग सगळ्याच बाह्या वर व्हायला लागल्या. एक आई तिथल्या तिथे रडायला लागली, की सुट्टीत पोरगी आली तेव्हापासून घरातलं तान्हं बाळही खाजवतंय, आणि सासू तिलाच बोल लावते.

मी डॉक्टर करुणांना फोन लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाई बराच वेळ "हो, हो" म्हणत होत्या आणि टेबलावरचे तुकडे एका हाताने उगाच गोळा करत होत्या. ती रात्र आम्ही तिघांनी तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मलमाची खोकी आली, लहान मुलांचं वेगळं बघायला एक डॉक्टर आले, आणि पालकांनाही ट्यूब मिळाल्या. रुपा ऊसतोडीला गेली नाही. दोन पोरींत एक ब्लँकेट मात्र अजून तसंच आहे. मागणी वर गेली आहे, असं बाई सांगतात. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. मी दर महिन्याला फोन करून विचारते, आणि ब्लँकेट येईपर्यंत विचारत राहणार आहे.

खोकी आली त्या संध्याकाळी मुलींच्या पाठींना मलम लावायला हात कमी पडले, तेव्हा नीलाबाई न सांगता आत शिरली. पोरींना रांगेत बसवलं आणि आपल्या उघड्या, फिकट हातांनी एकेकीची पाठ, बगल, मान चोपडत सुटली. "बेचक्यात लाव गं. नखाखाली कोन लावंल, तुझा बाप?" खांबाला पाठ घासणारी ती चिमुरडी तिच्यासमोर आली. तीही तांड्यावरचीच असावी. तिने नीलाबाईच्या हातांकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादी, तुमचा म्हातारा कधी मेला?"

नीलाबाईने खिडकीतून फाटकाकडे बोट केलं.

"त्यो बघ, लिंबाखाली. शेंगा खाऊन राहिला. हात वर कर."